दहाव्या प्रकरणाची सर्दी

"थांबा," हेडफोनमधून बोर्डवाल्याचा आवाज आला. "पुन्हा पहिल्यापासून."

"काय चुकलं?"

"चुकलं काहीच नाही. पुन्हा वाचा म्हणतायत."

बाईंनी दहाव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य तिसऱ्यांदा वाचायला घेतलं. काचेपलीकडे बोर्डवाला बटणांच्या लांबलचक बोर्डापुढे बसला होता. त्याच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून नव्या प्रमुखबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्याही मागे, दाराला टेकून, धाकटी वाचक. तिचं इथे काही काम नव्हतं. वाक्य अर्ध्यावर असतानाच प्रमुखबाईंनी मान हलवली, बोर्डवाल्याच्या खांद्यावरून वाकून बटण दाबलं आणि म्हणाल्या, "बाई, बाहेर येता का जरा?"

ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारा हा विभाग. बाई इथे एकतीस वर्षं वाचत होत्या. रोज सकाळी कामाला बसण्याआधी आदल्या दिवशीच्या वाचनाची शेवटची दोन मिनिटं ऐकायची आणि आजचा आवाज त्या आवाजाला नेऊन जोडायचा, अशी इथली पद्धत. सांधा ऐकू येता कामा नये. ऐकणारा महिना-दोन महिने त्या एका आवाजाच्या सोबतीने राहतो. मधेच आवाज बदलला तर घरात कुणी परकं शिरल्यासारखं त्याला वाटतं. म्हणून एक पुस्तक, एक आवाज.

प्रमुखबाईंनी नवव्या प्रकरणाचा शेवट लावला. मग आत्ताचं वाक्य.

"ऐकलंत? तो आवाज कसा खाली बसलेला, भरलेला. त्याला वय आहे. आणि हा? बँकेत टोकन पुकारतात तसा."

धाकटीने हसू खोकल्यात दडवलं. खोकला ऐकताच बाई सवयीने दोन पावलं मागे सरल्या.

"हा माझा नेहमीचाच आवाज आहे," त्या म्हणाल्या.

"मग गेल्या आठवड्यातला कुणाचा होता?"

उत्तर बाईंना माहीत होतं. देता येत नव्हतं.

"पहिली तीन प्रकरणं आपण नमुना म्हणून श्रोत्यांना पाठवली होती. त्यांचं पत्र आलंय." प्रमुखबाईंनी हातातला कागद उलगडला. "'इतका आपलासा आवाज आम्ही आजवर ऐकला नव्हता.' मला हाच आवाज हवाय. सोमवारपर्यंत थांबते. नाही जमलं तर पहिल्या प्रकरणापासून सगळं पुस्तक हिला देते."

"महिनाअखेर मी निवृत्त होतेय. हे माझं शेवटचं पुस्तक आहे."

"म्हणूनच सोमवार म्हटलं. नाहीतर आजच सांगितलं असतं."

एकतीस वर्षांत बाईंच्या आवाजाबद्दल आलेलं हे पहिलं पत्र. आणि ते आलं होतं त्यांच्या सर्दीला.

कारण ती नऊ प्रकरणं बाईंनी सर्दीत वाचली होती. नियम असा की वाचकाला सर्दी झाली तर त्याने कळवायचं आणि बरं वाटेपर्यंत ध्वनिमुद्रण बंद ठेवायचं. बाईंनी हा नियम एकतीस वर्षं पाळला. पण हे चौतीस प्रकरणांचं पुस्तक त्यांनी चार वर्षं मागितलं होतं आणि ते हाती आलं तेव्हा निवृत्तीला जेमतेम पाच आठवडे राहिले होते. एक आठवडा घरी बसल्या असत्या तर पुस्तक धाकटीकडे गेलं असतं. नाक चोंदलं नव्हतं, आवाज तेवढा उतरला होता. त्या काही बोलल्या नाहीत. मग आठव्या दिवशी, सर्दी जाते तशी ती गेली आणि आवाज आपल्या जुन्या जागी येऊन बसला.

पाण्याच्या नळापाशी बोर्डवाल्याने त्यांना गाठलं.

"सांगून टाका ना. सर्दी होती म्हणून."

"तुम्ही मुद्रण केलंत. तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"कळलं होतं. पण मुद्रण थांबवायचं म्हणजे तीन प्रतींत कारण लिहून द्यायचं. कोण बसतंय लिहीत?"

"मग आता शहाणपण शिकवू नका."

"मी कशाला शिकवू? सगळी विद्या तुमच्याकडेच." त्याने त्यांच्या पर्सकडे हनुवटीने इशारा केला. पर्समध्ये एक छोटी वही असे आणि तीत बाईंना आजवर झालेल्या सगळ्या सर्द्यांची नोंद असे, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. एकतीस वर्षांत एक्क्याऐंशी. कधी आली, कधी गेली, कुणाकडून लागली. 'नणंद.' 'बसमधला मागच्या बाकावरचा माणूस.' बहुतेक ठिकाणी मात्र 'ठाऊक नाही.' "वर्षाला अडीच ना तुमच्या? मग पुढची आगाऊ मागवून घ्या. सोमवारच्या आत."

"तुमच्या जिभेला हाड नाही," बाई म्हणाल्या आणि थर्मासचं झाकण घट्ट लावून निघून गेल्या. याच थर्मासमुळे त्यांच्या पाठीमागे लोक त्यांना थर्मासबाई म्हणत. तेही त्यांना ठाऊक होतं.

पण घरी जाताना बसमध्ये बोर्डवाल्याचं ते वाक्य त्यांच्या शेजारीच बसून आलं.

संध्याकाळी नवरा फिरून परतला तेव्हा बाई ओले केस मोकळे सोडून पंख्याखाली बसल्या होत्या. पाय गार पाण्याच्या बादलीत, हातात बर्फाचा खडा.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?"

"सर्दी करून घेतेय."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश खुर्ची ओढून समोर बसला.

"एकतीस वर्षं मला या घरात पंख्याखाली झोपू दिलं नाहीस. फ्रीजमधलं पाणी पिऊ दिलं नाहीस. पावसात भिजून आलो की जिन्यातच कपडे उतरवायला लावायचीस. होय ना?"

"होय."

"आणि थंडीने सर्दी होत नाही, ती दुसऱ्याकडून लागते, असं तूच सगळ्यांना सांगत फिरतेस. तेही होय ना?"

"होय."

"मग माझा पंखा का बंद केलास?"

"खबरदारी म्हणून."

"वा!" तो उठला आणि त्याने पंख्याचं बटण शेवटच्या आकड्यावर नेलं. "घे. एकतीस वर्षांचा वारा घे."

सकाळी बाईंना जाग आली तेव्हा दोन्ही नाकपुड्या लख्ख मोकळ्या होत्या. श्वास इतका सहज येत होता की त्यांना रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

त्या दिवशी कामावर त्या वेगवेगळ्या तऱ्हेने वाचून थकल्या. मान खाली घालून वाचलं, उशी पोटाशी धरून वाचलं, आवाज ओढून खाली आणला. प्रत्येक वेळी बोर्डवाला काचेमागून अंगठा खाली करत होता. जरा जास्तच आनंदाने, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी त्या डॉक्टरकडे गेल्या.

"काय होतंय?"

"सर्दी."

"कधीपासून?"

"गेली ती."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मग?"

"परत कशी येईल?"

डॉक्टरला आधी वाटलं, आपली चेष्टा चाललीये. मग वाटलं, बाईंना रजेसाठी कागद हवाय. तसं काही नाही म्हणत बाईंनी आपले कालचे उपाय सांगितले तेव्हा तो आणखीच चिडला.

"बर्फ? ओले केस? बर्फाने सर्दी होत असती तर बर्फवाले जन्मभर शिंकत बसले असते. आणि जी होऊन गेली ती लगेच परत नाही व्हायची. शरीर ओळखतं तिला. पण सर्दी आणणारे विषाणू दोनशेच्या आसपास आहेत, त्यातला नवा पाहिजे. तो आकाशातून पडत नाही, माणसाकडून येतो. शिंकेतून, खोकल्यातून, हातावरून. सर्दीवाल्याचा हात कडीला लागतो, कडीवरून तुमच्या हाताला, तुमचा हात तुमच्या नाकाला. मोठ्यांना वर्षात दोन-चारदा होते. खरी खाण म्हणजे लहान मुलं. पाळणाघरातलं पोर वर्षाला आठ-दहा सर्द्या घरी आणतं. तुमच्याकडे आहे का कुणी लहान?"

"नात आहे. अडीच वर्षांची. लेकीकडे."

"तिच्यापासून लांब राहा, म्हणजे झालं."

"लांबच असते," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी लेकीला फोन केला.

"ठकू कशी आहे?"

"नाक गळतंय. पाळणाघरवाल्यांनी परत पाठवली, म्हणून मी रजा काढून घरी बसलेय. तू येणार नाहीस, माहितीये मला."

"येते," बाई म्हणाल्या. "अर्ध्या दिवसाची रजा टाकते."

"इथे? तू?" लेकीने विचारलं.

लेक चपलांच्या दुकानात विक्रीला होती. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या दोन खोल्यांत बाई वर्षातून चार-पाचदा येत आणि आल्या की खिडकीजवळच्या खुर्चीत, जरा अंतर राखून, बसत. ठकू त्यांना खुर्चीतली आजी म्हणायची. आज त्या थेट जमिनीवर बसल्या आणि त्यांनी हात पसरले. ठकूने आधी आईकडे पाहिलं. मग ती पुढे आली, आजीच्या मांडीवर चढली आणि तिने आपलं नाक आजीच्या खांद्याला नीट पुसलं.

बाईंनी तिला घट्ट धरलं. तिचं अंग कोमट होतं आणि केसांना साबणाचा वास येत होता. इतक्या जवळून तिला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. उजव्या भुवईत एक बारीक तीळ होता, तो त्यांना आज दिसला. ठकूने अर्धं चघळलेलं बिस्कीट त्यांच्या तोंडाशी आणलं. बाईंनी ते खाल्लं.

"आई!" लेक दारातून बघत होती. "तिचं उष्टं खाल्लंस तू?"

"नात आहे माझी."

लेक आत गेली, चहा टाकला, आणि कधी नव्हे ती आतून गप्पा मारू लागली. दुकानातलं एक गिऱ्हाईक, शेजारणीचा जावई, ठकूचे नवे शब्द. बाई ऐकत होत्या, हसतही होत्या. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"सर्दीला दिवस किती झाले गं?"

"चार."

"चार? म्हणजे सुरुवातीचे दिवस गेलेच की." बाईंनी ठकूचं तोंड उजेडाकडे फिरवलं. "शिंका येतायत ना अजून? पातळच आहे ना? घट्ट नाही झालं?"

आत कपबशीचा आवाज थांबला. लेक बाहेर आली. हा सूर तिच्या ओळखीचा होता.

"आई, तू का आलीस?"

"अगं, सहज—"

"खरं सांग."

बाईंनी सांगितलं. सांगताना त्यांना वाटलं, ही हसेल. गंमतच होती तशी. बोर्डवाला, पंखा, डॉक्टर. त्यांनी ते रंगवूनही सांगितलं. वाचणं हेच त्यांना येत होतं, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बघायची सवय नव्हती.

"माझं नाक गळायला लागलं की तू मला मावशीकडे सोडायचीस," लेक म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "वर्षातून आठ वेळा. दर वेळी एक आठवडा. मी एकदा बसून मोजलं होतं. दोन वर्षांची होते तेव्हापासून दहा वर्षांची होईपर्यंत. सव्वा वर्ष होतं, आई. तुझा आवाज बसू नये म्हणून सव्वा वर्ष मी दुसऱ्याच्या घरी काढलंय. ताप आला की मावशी. खोकला आला की मावशी. बरी झाले की आई."

"काम तसं होतं गं. माझ्या मनात—"

"आणि आज माझ्या पोरीला सर्दी झाली तर धावत आलीस. मला दारातून बघताना वाटलं—" ती थांबली. "जाऊ दे. तुला ती नकोच होती. तिचा शेंबूड हवा होता."

बाईंना तीळ दिसला, हे सांगावंसं वाटलं. पण आता ते सांगणं खोटं वाटलं असतं.

"दे तिला इकडे."

ठकू सोडेना. तिने आजीच्या पदराचा काठ मुठीत धरला होता. लेकीने एकेक बोट सोडवलं.

"झालं ना काम? मग नीघ."

शनिवार कोरडा गेला. रविवारी संध्याकाळी बाईंना तीन शिंका आल्या.

"अभिनंदन," पेपरातून डोकं न काढता नवरा म्हणाला.

बाईंनी वहीत नोंद केली. ब्याऐंशी. 'कुणाकडून' या रकान्यात त्यांनी पेन टेकवलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि रकाना रिकामा सोडला. मागच्या सर्दीची सुरुवातही शिंकांनीच झाली होती. सकाळपर्यंत आवाज खाली बसेल असं त्यांनी धरलं.

पण ही सर्दी वेगळी निघाली. ती नाकात फार रेंगाळली नाही, सरळ घशात उतरली. सोमवारी उजाडलं तेव्हा घसा सोलून निघाल्यासारखा झाला होता आणि नवऱ्याने "चहा घेतेस?" विचारलं त्याला "हो" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली.

तरी त्या गेल्या. काचेआडच्या खोलीत बसल्या, हेडफोन लावला, नवव्या प्रकरणाची शेवटची दोन मिनिटं ऐकली. छान आवाज होता. खरंच त्याला वय होतं. मग त्यांनी दहावं प्रकरण उघडलं, श्वास घेतला आणि पहिलं वाक्य वाचलं. बोर्डावरचा काटा जागचा हलला नाही.

"बाई?" प्रमुखबाई आत आल्या. "सर्दी झालीये तुम्हाला?"

बाईंनी मान हलवली. मग पुढ्यातला कागद ओढला आणि लिहिलं, 'पहिली नऊ प्रकरणंही सर्दीतच वाचली. आवाज माझा नाही, त्या सर्दीचा होता.'

प्रमुखबाईंनी ते दोनदा वाचलं. "नियम माहीत होता ना?"

'हो.'

"बोर्डावर बसून यांना कळलं नाही?"

बोर्डवाला दारात उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. लिहिलं, 'नाही.'

तो आपल्या बोटांच्या नखांकडे बघत राहिला.

"पुसून टाका सगळं," प्रमुखबाई त्याला म्हणाल्या. "नऊच्या नऊ." आणि बाईंना, जरा खालच्या आवाजात, "तुम्ही घरी जा. बरं वाटलं की या. महिना संपेपर्यंत पुस्तकांच्या यादीचं काम आहेच."

नऊ प्रकरणं पुसायला तेवढी मिनिटंही लागली नाहीत. धाकटीने खोलीत पाऊल टाकण्याआधी मायक्रोफोनवरची फोमची टोपी बदलून मागितली, आणि टेबलही पुसून मागितलं, औषधाच्या पाण्याने. बाईंनी थर्मास उचलला. जिन्यात त्यांना मागून आवाज आला, "बाई." बोर्डवाला कठड्याला धरून उभा होता. त्याला काहीतरी म्हणायचं असावं. बाई थांबल्या. मग तो "काही नाही" म्हणाला आणि आत गेला.

मंगळवारी रात्रीचं जेवण होण्याआधी लेकीचा फोन आला. इकडून कोणी बोलतंय का, याची तिने वाट पाहिली नाही.

"ठकूचं नाक अजून गळतंय. पूर्ण बरी झाल्याशिवाय पाळणाघरात घेणार नाहीत. माझ्या रजा संपल्या. तुला लागलीच असेल ना सर्दी? मग आता तिच्यापासून तुला काही व्हायचं नाही. एकच आहे दोघींची. उद्या आठ वाजता ये." मग, "ऐकतेयस का?"

बाईंनी फोन नवऱ्याकडे दिला. "ऐकतेय," तो म्हणाला. "येईल."

सकाळी लेकीने दार उघडलं ते पायात चपला घालूनच. "औषध बारा वाजता, एक चमचा. भात झाकून ठेवलाय. टीव्ही लावायचा नाही." हे सगळं ती भिंतीवरच्या घड्याळाला सांगत होती. बाईंनी मान हलवली. लेकीने ती हललेली मान पाहिली की नाही कोण जाणे. जिन्यावर तिची पावलं भराभर खाली गेली.

ठकू कोपऱ्यातून आपलं पुस्तक घेऊन आली. पातळ कागदाचं, कडा चघळलेलं चित्रांचं पुस्तक. ती आजीला टेकून बसली आणि पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं.

"वाच."

बाईंनी चित्रावर बोट ठेवलं, तोंड उघडलं. हवा. पुन्हा प्रयत्न केला. ठकूने वाकून त्यांच्या तोंडात डोकावून पाहिलं. तिथे काही दिसलं नाही तेव्हा तिने पुस्तक आपल्याकडे ओढलं, नाक वर ओढलं आणि स्वतःच वाचायला सुरुवात केली.

"मग हत्ती आला. मग हत्ती बसला. मग आई दुकानात गेली."

चित्र होडीचं होतं. बाईंनी दुरुस्त केलं नाही.

"मग हत्तीला बिस्कीट दिलं. मग..." पान संपलं होतं. ठकूने मान वर करून आजीकडे पाहिलं.

पान उलटताना कागद वाजला तर तो मायक्रोफोनमध्ये येतो. म्हणून वाक्य संपण्याआधीच कोपरा नखाने सोडवून ठेवायचा, पान मधोमध उचलायचं आणि श्वास घेत घेत पलीकडे निजवायचं. बाईंनी कोपरा आधीच सोडवून ठेवला होता. त्यांनी पान उलटलं. खोलीत आवाज झाला नाही.